नमुना लहान आहे

कुणी घरी आलं की आपल्याकडे आधी पाणी विचारतात, मग चहा. मुकुंदराव सोमण तीन प्रश्न विचारत. शिक्षण किती? उत्पन्न साधारण किती? आणि मत कुणाला देता? पाणी सुधावहिनी आणून देत, आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत आलेल्या माणसाला ते बहुतेक वेळा लागायचंच.

बॉयलर बघायला आलेला माणूससुद्धा यातून सुटला नाही. बिचारा कपाटात डोकं घालून बसलेला, बाहेर फक्त बूट दिसताहेत, आणि मुकुंदराव त्या बुटांना विचारताहेत, "शाळा सोळाव्या वर्षापर्यंत का?" बूट म्हणाले, हो. "आणि मत?" बूट जरा आत सरकले. मग म्हणाले, की व्हॉल्व गेलाय, आणि मत ही माझी खाजगी बाब आहे. मुकुंदरावांनी आपल्या हिरव्या रजिस्टरमध्ये नोंद केली: 'शिक्षण सोळा. उत्पन्न आमच्यापेक्षा बरं असावं. मत व्हॉल्वमागे.'

ही गोष्ट नॉटिंगहॅममधली, दोन हजार चार सालची. मी तेव्हा पन्नाशीत होते, आमच्या मराठी मंडळाची कार्यवाह होते, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी प्रामाणिक समजूत होती. आता चार नातवंडांची आजी होऊन त्या बाईकडे वळून बघते, तेव्हा तिचा हात धरून 'बस गं जरा' म्हणावंसं वाटतं. ती बसली नसती. तिला मीटिंग असायची.

सोमणांच्या शेजारचं घर आम्ही घेतलं तेव्हा पहिल्याच दिवशी मुकुंदराव मधल्या कुंपणाच्या हेजवरून डोकावले. मी ऐटीत सांगितलं, "एम.ए., समाजशास्त्र, पुणे." उत्पन्नाच्या प्रश्नाला मी नवऱ्याकडे, अरुणकडे, बोट दाखवलं. मताच्या प्रश्नाला म्हटलं, "मी पुरोगामी विचारांची आहे."

"ते नाही विचारलं. मागच्या वेळी मत दिलंत का?"

मागच्या वेळी मतदानाच्या दिवशी मी हेअरड्रेसरकडे होते. बाहेर आले तर पाऊस. नवे केस घेऊन पोलिंग स्टेशनपर्यंत चालत जाण्याइतकी मी पुरोगामी नव्हते. म्हटलं, "अर्थात!" त्यांनी रजिस्टरमध्ये 'अर्थात' असं लिहिलं आणि पुढे एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं. ते मला हेजच्या अलीकडून दिसलं आणि पुढे सहा महिने मी त्यांच्याशी तुटक बोलले.

मुकुंदराव हॉस्पिटलमध्ये पॅथॉलॉजिस्ट होते. जन्मभर काचेवर एक थेंब घेऊन माणसाचं पुढचं सांगितलं, आणि निवृत्त झाल्यावर थेंबावरचा विश्वासच उडाला. कुणी काहीही ठाम बोललं की यांचं एकच वाक्य: "नमुना लहान आहे."

"आमटी खारट झालीय का हो?" सुधावहिनी विचारत.

"एका वाटीवरून कसं सांगू? नमुना लहान आहे."

"मग पातेलं तोंडाला लावा."

इंग्लंडमध्ये उन्हाळा येतच नाही, असं मी एकदा म्हटलं. तर म्हणाले, "आपण तीस-पस्तीसच तर पाहिलेत. घाई करू नका." मंडळात त्यांच्या पाठीमागे सगळे म्हणायचे, "नमुना आहे नुसता!" हा विनोद पहिल्यांदा केला तो मी, आणि नंतर दर मीटिंगला पुन्हा पुन्हा केला तोही मीच. मला तो दर वेळी नवा वाटायचा.

पण मुकुंदरावांचा खरा जीव नॉटिंगहॅमच्या मतांमध्ये नव्हता. तो होता अमेरिकेत. बॉक्सरूमच्या चिमुकल्या खोलीत कॉम्प्युटर लावून ते सकाळपासून तिथली पन्नास राज्यं मांडून बसत. कुठल्या राज्यात पदवीधर जास्त, कुठे पगार कमी, कुठलं राज्य कुणाला मत देतं. आता नॉटिंगहॅमच्या माणसाला याचं काय पडलंय, असं तुम्ही विचाराल. मीही सुधावहिनींना विचारलं. त्या शेंगा सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"मृणालसाठी," त्या म्हणाल्या.

मृणाल ही त्यांची एकुलती एक मुलगी. इथेच जन्मली, इथेच व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर, झाली. पुढे माशांच्या रोगांचा अभ्यास करायला वर्षभरासाठी म्हणून मिसिसिपीला गेली, आणि तिथे मासे सोडून डेल सापडला. डेलची कॅटफिशची तळी होती, स्वतःच्या मालकीची. शाळा त्याने दहावीला सोडली होती आणि मिळवत होता पॅथॉलॉजिस्टपेक्षा जास्त. म्हणजे मुकुंदरावांच्या आलेखात तो बसेचना. एका कोपऱ्यात रेघेपासून दूर पडलेलं एकटं टिंब, तसा जावई.

लग्न करतेय हे सांगायला मृणालने फोन केला, तेव्हा मुकुंदराव म्हणाले, "अगं, ते राज्य शिक्षणात तळाशी, उत्पन्नात तळाशी, आणि मत कसं देतं ते बघ!"

ती म्हणाली, "बाबा, मी लिस्टमध्ये नाही राहते. मी घरमध्ये राहते."

आणि मुकुंदराव म्हणाले, "'राहत' म्हण. आणि 'घरात'."

तिने फोन आपटला. लग्नाला वहिनी एकट्या जाऊन आल्या. त्याला चार वर्षं झाली होती. दर रविवारी फोन येई, आईशी अर्धा तास चाले, मग रिसीव्हर बाबांकडे जाई आणि दोन वाक्यांत परत येई.

"आता ख्रिसमसला दोघं येताहेत," वहिनी म्हणाल्या. "पहिल्यांदाच. पण तिने अट घातलीय. बाबांनी डेलला मत विचारायचं नाही. एकदा जरी विचारलं तरी बॅगा उचलून हॉटेलात, आणि पुन्हा या घरात पाऊल नाही." सोललेली शेंग त्यांनी चुकून टरफलांत टाकली. "विचारल्याशिवाय राहवेल का गं यांना? यांनी बॉयलरवाल्याला सोडलं नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मुकुंदराव माझ्या किचनमध्ये आले.

"शैलाबाई, अमेरिकेतली श्रीमंत राज्यं कुणाला मत देतात?"

"श्रीमंतांच्या पक्षाला. त्यात काय?"

"चूक. गाढवाला." तिथल्या दोन पक्षांना ते चित्रांवरून गाढव आणि हत्ती म्हणत. गाढव म्हणजे साधारण आपल्या इथल्या मजूर पक्षाच्या बाजूचं, हत्ती हुजूर पक्षाच्या. मजूर आणि हुजूर ही मराठी वर्तमानपत्रांनी करून ठेवलेली नावं, आणि ती इतकी सोयीची, की पुढचा विचार करायचं कामच पडत नाही. "कनेक्टिकट बघा. पैसा आहे, पदव्या आहेत, मत गाढवाला. मिसिसिपी बघा. पैसा कमी, पदव्या कमी, मत हत्तीला."

"म्हणजे गरीब लोक हत्तीला मत देतात. झालं."

"पुन्हा चूक!" ते इतके खूश झाले की माझ्या कढईतून नुकताच काढलेला वडा त्यांनी न विचारता उचलला. "मिसिसिपीच्या आत जाऊन बघा. तिथला श्रीमंत हत्तीकडे, गरीब त्यापेक्षा पुष्कळ गाढवाकडे. राज्याचं एक आणि माणसाचं भलतंच. आणि शिक्षण नि उत्पन्न, हे दोघं राहतात एका घरात, पण मतदानाला निघाले की वेगवेगळ्या बसमध्ये चढतात. म्हणून राज्याची सरासरी खिशात घालून माणसाच्या दारात जाऊ नये. मी गेलो होतो." वडा गरम होता, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे मला एकदा सगळ्यांसमोर बोलायचंय. तुमच्या मंडळात. अरुणरावांनी व्हिडिओ काढला तर कॅसेट मृणालला पाठवता येईल."

मला त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं. म्हटलं, "अगदी माझ्या मनातलं बोललात!" आणि ऑक्टोबरातला शनिवार देऊन टाकला.

मुलीची माफी मागायला माणसं पत्र लिहितात, फोन करतात. हे गृहस्थ तिच्यासाठी व्याख्यान देणार होते, हे मला आज दिसतं. तेव्हा मला फक्त हॉलचं भाडं आणि वड्यांची संख्या दिसत होती.

मुकुंदरावांनी मागच्या निवडणुकीचा अमेरिकेचा मोठा नकाशा छापून आणला. अर्धी राज्यं लाल, अर्धी निळी. तो बोर्डावर लावायचं काम माझं. नकाशा बोर्डापेक्षा चार बोटं लांब होता, आणि खाली काहीतरी बारीक अक्षरांची पट्टी होती. मी कात्री घेतली आणि पट्टी कापली. काय सुबक बसला नकाशा! मी लांब जाऊन दोनदा बघून आले.

चर्चच्या हॉलमध्ये चाळीसएक माणसं आली. मुकुंदराव टाय लावून आलेले. ते तास-सव्वा तास बोलले, आणि खरं सांगते, सुंदर बोलले. "ही लाल राज्यं बघा, ही निळी बघा," असं म्हणत छडी फिरवत होते, मध्येच अरुणच्या कॅमेऱ्याकडे बघत होते. लोक माना डोलावत होते. एवढ्या माना मंडळात गाण्याच्या कार्यक्रमालासुद्धा डोलल्या नव्हत्या. मुकुंदरावांचा चेहरा उजळत गेला.

शेवटी आभारप्रदर्शन. ते मी कुणाला करू देत नसे. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "डॉक्टरांनी आज सप्रमाण सिद्ध केलं, की श्रीमंत, सुशिक्षित राज्यं निळी, म्हणजे हुजूर. आणि गरीब, अशिक्षित राज्यं लाल, म्हणजे मजूर. म्हणजे काय, तर राज्य सांगा, की माणूस कळला! जगात कुठेही जा, हे असंच असायचं."

टाळ्या. लोक एकमेकांना म्हणत होते, "अगदी बरोबर, आपल्या इथेही असंच."

आता ब्रिटनमध्ये लाल म्हणजे मजूर आणि निळा म्हणजे हुजूर, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. अमेरिकेत रंग नेमके उलटे. लाल हत्तीचा, निळा गाढवाचा. तसं नकाशाच्या सूचीत स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि ती सूची माझ्या घरी कचऱ्याच्या बिनमध्ये बटाट्याच्या सालांखाली होती. मुकुंदरावांनी तासभर एक कोडं घातलं होतं आणि आमच्या चाळीस जणांना त्यात कोडं दिसलंच नव्हतं.

पहिल्या रांगेतून मुकुंदरावांचा आवाज आला, "शैलाबाई, उलटं!"

मी वळून नकाशाकडे पाहिलं. मला वाटलं, मी उलटा टांगला. कार्यवाहबाईंना चूक तिथल्या तिथे सुधारायची सवय. मी चारही पिना काढल्या, नकाशा फिरवला आणि पुन्हा लावला. खाली लोंबणारं फ्लोरिडा शिंगासारखं वर आलं. हॉल हसायला लागला, मीही हसले, अरुणने सगळं टिपलं.

मुकुंदराव तेवढे हसले नाहीत. त्यांनी उठून नकाशा स्वतः काढला आणि गुंडाळी केली.

कार पार्कमध्ये मी त्यांना गाठलं. माफी मागायला नव्हे, तुमचा गैरसमज नको. मी म्हटलं, "रंग कुठला कुणाचा, ते तुम्ही तोंडाने सांगायला हवं होतं."

"हो," ते म्हणाले. "मला वाटलं, दिसतंयच."

सुधावहिनी गाडीचं दार उघडत होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कायम वाटतं, दिसतंयच."

कॅसेट मिसिसिपीला गेली नाही. पाठवणार काय? 'राज्य सांगा, की माणूस कळला' हे माझ्या खणखणीत आवाजात, आणि मागे टाळ्या?

डिसेंबरात घराची तयारी सुरू झाली आणि त्याबरोबर मुकुंदरावांचीही. वहिनी डेल व्हायच्या, हे समोर बसायचे. "विचारा आता काहीतरी." "प्रवास कसा झाला?" "छान. पुढे?" पुढे यांच्या तोंडातून शब्द निघत नसे. मानेची शीर तेवढी ताठ होई. "बघ," वहिनी मला म्हणाल्या, "आलाच होता तिसरा प्रश्न." रजिस्टर त्यांनी गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं होतं, आणि गॅरेजची किल्ली पर्समध्ये.

मृणाल आणि डेल आले. दोन दिवस सुखरूप गेले. तिसऱ्या दिवशी, ख्रिसमसनंतरच्या बॉक्सिंग डेला, दुपारच्या जेवणाला वहिनींनी आम्हा दोघांना बोलावलं. "परकी माणसं असली की हे जरा आवरतात," त्या म्हणाल्या. माझ्यामुळे कुणी आवरलेलं मी पाहिलं नव्हतं, पण गेले.

डेल दारातून आत येताना वाकायचा. हात एवढे मोठे, की त्यात वाटी दिसायची नाही. वहिनींना 'मॅम' म्हणायचा, मुकुंदरावांना 'सर'. चमचा बाजूला ठेवून तो वरणभात हाताने कालवत होता आणि मृणाल त्याच्याकडे बघून हसत होती. मुकुंदराव उपासाला बसल्यासारखे बसले होते.

"डेल," ते एकदम म्हणाले.

वहिनींचा पळीचा हात थांबला. मृणालने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"तुम्ही लोणचं घेतलं नाहीत."

"घेतो, सर."

वहिनींची पळी पुन्हा चालू झाली. अरुणला ठसका लागला. डेलने लोणचं घेतलं, खाल्लं, लाल झाला, आणि मग हात टेबलाच्या कडेला टेकवून म्हणाला, "सर, तुमचे तीन प्रश्न मृणालने मला सांगितलेत. शाळा मी दहावीला सोडली. वडील आजारी होते, तळी बघायला कुणी नव्हतं. उत्पन्न त्या त्या वर्षावर असतं, कधी बरं, कधी नाही. तिसऱ्याचंही उत्तर द्यायला माझी हरकत नाही. मला लपवण्यासारखं काही वाटत नाही."

"डेल, नो," मृणाल म्हणाली. "बाबा, प्लीज."

मुकुंदरावांनी हात वर केला. "ते नको," ते म्हणाले. "मला दुसरं विचारायचंय."

वहिनींनी डोळे मिटले.

"तुमच्याकडे वादळं येतात. चक्रीवादळं. भोंगा वाजतो."

"येस, सर."

"तेव्हा ही कुठे असते?"

डेलने मृणालकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. "बाथटबमध्ये, सर. आमचं बाथरूम घराच्या मधोमध आहे, त्याला खिडकी नाही. ती टबमध्ये झोपते आणि वरून गादी टाकतो."

"आणि तुम्ही?"

"टब लहान आहे, सर. मी बाहेर बसतो. दाराला पाठ लावून, गादी धरून."

"किती वेळ?"

"भोंगा थांबेपर्यंत. एकदा तीन तास बसलो होतो."

"मार्चमध्ये," मुकुंदराव म्हणाले.

मृणाल वळली. "बाबा, तुम्हाला कसा माहीत मार्चचा?"

"रोज बघतो तुमच्या काउंटीची हवा. मार्चमध्ये तो शनिवार होता. रविवारचा फोन येईपर्यंत बसून होतो."

"आणि फोन आला तेव्हा तुम्ही फक्त म्हणाला, हवा कशी आहे." मृणालचा आवाज बारीक झाला होता. "प्रत्येक संडेला फक्त हवा. मला वाटला, तुम्हाला माझ्याशी बोलायचाच नाही."

या वाक्यात दोन चुका होत्या. मी आणि वहिनींनी एकदमच मुकुंदरावांकडे पाहिलं. त्यांनी एकही दुरुस्त केली नाही.

ते उठले. इतक्या वर्षांत त्या घरात त्यांना वाढताना मी पाहिलं नव्हतं. त्यांनी तुपाचं भांडं उचललं, टेबलाला वळसा घालून डेलच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्याच्या भातावर तूप वाढायला लागले. पुरे झालं की ताटावर हात आडवा धरायचा, हे त्या पोराला कुणी शिकवलेलं नव्हतं. तो आपला दर चमच्याला "थँक यू, सर" म्हणत होता, आणि हे वाढत होते.

आम्ही कुणीच त्याला सांगितलं नाही.